बोहेडचा शून्य कोटा: अलास्कातली 1977 ची बंदी आणि मांसाचे वाटे

जून 1977 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथं आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाची वार्षिक बैठक भरली आणि बोहेड देवमाशाच्या शिकारीवरची एक जुनी सूट रद्द झाली. या देवमाशाच्या व्यापारी शिकारीला 1930 च्या दशकापासूनच मनाई होती. सूट होती ती आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांना, खाण्यापुरती मारायला. ती गेल्यावर अलास्काच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या नऊ गावांना पुढच्या हंगामात किती देवमासे मारता येणार होते? एकही नाही. शिकाऱ्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच महिन्यात, या नऊ गावांतल्या सर्वांत मोठ्या गावात, बॅरोमध्ये, अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडचे इन्युइट पहिल्यांदा एका मांडवाखाली जमले होते. बोलावणारे होते नॉर्थ स्लोप बरोचे (उत्तर अलास्कातल्या जिल्हावजा स्थानिक प्रशासनाचे) महापौर इबेन हॉप्सन, आणि विषय होता आर्क्टिकवर हक्क कोणाचा. परिषद संपते न संपते तोच कॅनबेऱ्यातला निर्णय आला. (बॅरोचं मूळ नाव उटकियाग्विक. 2016 च्या मतदानानंतर तेच पुन्हा अधिकृत झालं, म्हणून पुढे तेच वापरतो.)

‘संस्कृती विरुद्ध संवर्धन’ या खात्यात हे प्रकरण टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. भांडण एका आकड्याचं होतं: देवमासे उरलेत किती. तो आकडा शिकाऱ्यांच्या माहितीमुळे बदलला, हे आता बऱ्याच ठिकाणी लिहिलं जातं. पण आकडा बदलायला काही वर्षं लागली, आणि त्या मधल्या वर्षांत मूठभर देवमाशांवर नऊ गावं आपसात न फाटता टिकली. ती कशी टिकली हे कळायला आधी मांसाची वाटणी बघावी लागते.

वाटे कसे पडतात

पूर्ण वाढलेला बोहेड पंधरा ते अठरा मीटर लांब असतो आणि त्याचं वजन साठ-सत्तर टनांच्या पुढे जाऊ शकतं. एकट्यादुकट्याचं हे सावजच नव्हे. वसंतात किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाच्या कडेवर चमू तळ ठोकतात. समोर समुद्राच्या बर्फात पाण्याची वाट उघडलेली असते आणि त्या वाटेनं देवमासे बेरिंग समुद्राकडून पूर्वेला जातात. नाव लाकडी सांगाड्याची, त्यावर दाढीवाल्या सीलची कातडी ताणलेली. ती शिवतात बायका, आणि टाका असा घालायचा की सुई कातड्याच्या आरपार जाता कामा नये, नाहीतर पाणी झिरपतं. कातड्याच्या नावेचा फायदा म्हणजे ती आवाज करत नाही.

चमूच्या प्रमुखाला उमिआलिक म्हणतात. नाव त्याची, दारूगोळा त्याचा, तळावरचं जेवण त्याचं, आता तर इंधनही त्याचंच. एकही देवमासा हाती लागला नाही तरी हा सगळा खर्च होतोच. त्याची बायको या कारभारात बरोबरीची भागीदार असते: कातडी शिवून घेणं, चमूला खाऊ घालणं आणि नंतर मांसाची देखरेख तिच्याकडे.

देवमासा लागला की रेडिओवर बातमी जाते, प्रार्थना होते आणि बाकीचे चमू आपली जागा सोडून ओढायला येतात. बर्फात खुंट्या पाडून, कप्प्या आणि दोर लावून पन्नास-शंभर माणसं ते धूड इंचाइंचानं वर ओढतात. यात पोरंसोरं असतात, म्हातारे असतात, त्या दिवशी शाळेत किंवा ऑफिसात असायला हवी होती अशी माणसंही असतात. मग लांब दांड्याच्या सुऱ्यांनी कापणी सुरू होते. कातडीचा थर काळाभोर आणि त्याखाली फिकट गुलाबी चरबी. दोन्ही मिळून मक्ताक, हीच सगळ्यांत आवडीची चीज. कापणारा वर उभा राहून चौकोनी पट्टा मोकळा करतो, खाली दोघं-तिघं आकडे अडकवून तो मागं खेचत नेतात, आणि बाजूला पातेल्यांत पहिले तुकडे शिजायला लागलेले असतात. काम करणाऱ्यांनी तिथंच खायचं.

वाटणीला नियम आहेत आणि ते गावागणिक वेगळे आहेत. पॉइंट होपमध्ये मदतीच्या नावा कोणत्या क्रमानं पोचल्या त्यावर कोणता भाग कोणाचा ते ठरतं. उटकियाग्विकमध्ये मदतीला आलेल्या प्रत्येक चमूला वाटा मिळतो आणि तो पुढे चमूतल्या घरांत फुटतो. देवमाशाच्या अंगाभोवतीचा एक पट्टा, कमरपट्ट्यासारखा, उमिआलिकच्या नावे निघतो. पण तो त्याच्या घरात राहत नाही. त्याच्या घरावर निशाण चढतं, दार उघडं होतं आणि गावातलं कोणीही येऊन तो शिजवलेला पट्टा खाऊन जातं. शेपटीकडचा मोठा भाग गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरात जातो आणि जूनमधल्या नालुकाताक उत्सवात, पुढे थँक्सगिव्हिंगला आणि नाताळला सगळ्या गावाला वाटला जातो. नालुकाताकला माणसं कुटुंबागणिक गोलाकार बसतात आणि चमूची माणसं बादल्या घेऊन फिरतात: गोठवलेलं कच्चं मांस, आंबवलेलं मांस, मक्ताक, हंसाचं सूप. लोक घरून पिशव्या आणि डबे घेऊनच आलेले असतात. तिथं खायचं थोडं, न्यायचं जास्त.

याला दानधर्म समजण्यात अर्थ नाही. उमिआलिकचं गावातलं वजन त्याच्या देण्यावर उभं असतं आणि ज्याच्या तळघरात मांस साचून राहतं त्याच्याबद्दल लोक काय बोलतात हे त्यालाही ठाऊक असतं. पण परिणाम असा की विधवा, आजारी, पगारी नोकरीमुळे शिकारीला न जाता आलेले, अशा सगळ्यांच्या घरी मांस पोचतं. त्यात हे मांस विकता येत नाही. शून्य कोट्याचा अर्थ म्हणजे या साऱ्या देण्याघेण्याला वर्षभर खीळ. दुकानातून अन्न आणावं तर ते विमानानं किंवा उन्हाळ्यातल्या बोटीनं येतं आणि त्याच भावानं विकलं जातं.

आयोगाची बाजू

आयोगाच्या शास्त्रज्ञांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यांच्या चिंतेला कारण होतं. 1848 साली थॉमस रॉइस नावाचा अमेरिकी कप्तान आपलं जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर घेऊन गेला आणि व्यापारी शिकाऱ्यांना बोहेडचा खजिना सापडला. तेलासाठी आणि त्याहून जास्त तोंडातल्या लवचिक झालरींसाठी (त्यातून बायकांच्या कॉर्सेटच्या पट्ट्या बनत) पुढची साठेक वर्षं कत्तल चालली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॅशन बदलली, स्वस्त स्प्रिंग-पोलाद आलं आणि धंदा बसला. तोवर देवमासेही जवळजवळ संपत आले होते. व्यापाऱ्यांच्या जहाजांवर झालरी काढून मांस समुद्रात सोडून दिलं जाई, ही गोष्ट इथं विसरू नये.

1970 च्या दशकात किती उरले होते? किनाऱ्यावरून आणि विमानातून जेवढे दिसत त्यावरून अंदाज निघत होता काहीशे ते दोनेक हजारांचा. आणि त्याच वेळी शिकार वाढली होती. अलास्कात तेल सापडलं, पाइपलाइनच्या कामावर चांगला पगार मिळू लागला, आणि पूर्वी ज्याला नाव आणि बंदूक परवडली नसती असा तरुणही आता चमू उभा करू लागला. चमू वाढले, अनुभव मात्र त्या वेगानं वाढला नाही. 1977 मध्ये 29 देवमासे किनाऱ्याला लागले, पण घाव बसलेल्यांची संख्या शंभरावर होती. बाकीचे जखमी होऊन बर्फाखाली निसटले. त्यातले किती जगले हे सांगणं अवघड.

एका सावजामागं दोन-तीन घायाळ करून सोडायचे, हा कोणत्याही शिकाऱ्याच्या लेखी कमीपणा आहे. जुन्या उमिआलिकांना तो सलत होताच. पण शून्य कोट्यानं जुने आणि नवे, तरबेज आणि कच्चे सगळे एकाच दावणीला बांधले, आणि आपल्यातल्या चुकांबद्दल उघड बोलण्याची सोयच राहिली नाही.

शून्यातून बारा

अमेरिकी सरकारची अवस्था मोठी अवघड झाली होती. जगभरात व्यापारी शिकार थांबवा म्हणून सर्वांत पुढे तेच होतं. आयोगाच्या निर्णयावर ठराविक मुदतीत आक्षेप नोंदवला तर तो निर्णय त्या देशाला लागू होत नाही, अशी तरतूद होती. पण अमेरिकेनं आक्षेप घेतला असता तर उद्या जपान आणि सोव्हिएत संघही तेच करायला मोकळे. शिकारी कोर्टात गेले. खालच्या न्यायालयानं परराष्ट्रमंत्र्यांना आक्षेप नोंदवायचा आदेश दिला, तो वरच्या न्यायालयानं फिरवला. आक्षेप नोंदवला गेला नाही.

मधल्या काळात, 1977 च्या उन्हाळ्यातच, नऊ गावांच्या कप्तानांनी मिळून अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन उभं केलं. डिसेंबरमध्ये टोकियोला आयोगाची खास बैठक झाली आणि तडजोड निघाली: 1978 साठी 12 देवमासे किनाऱ्याला, किंवा 18 घाव, यातलं जे आधी पुरं होईल ते.

घाव मोजायची ही कल्पना या प्रकरणातली सर्वांत कामाची होती असं मला वाटतं. निसटलेला देवमासाही आता हिशेबात धरला जाऊ लागला. त्यामुळे लांबून, घाईनं नेम धरणाऱ्या कच्च्या चमूचा तोटा फक्त त्याचा राहिला नाही, गावाचा एक घाव वाया गेला. आणि गावाचं नुकसान करणाऱ्याशी कसं वागायचं हे गावाला शिकवावं लागत नाही.

नऊ गावांत बारा देवमासे कसे वाटायचे? एखाद्या सरकारी खात्यानं हे ठरवलं असतं तर पहिल्याच वर्षी बखेडा झाला असता. कमिशननं घाव गावागावांत वाटून दिले. पुढे अशीही सोय झाली की एखाद्या गावाचे घाव वसंतात उरले, बर्फानं किंवा वाऱ्यानं साथ दिली नाही, तर ते दुसऱ्या गावाकडे वळवायचे. सेंट लॉरेन्स बेटावरच्या लोकांचा हंगाम वेगळा, उटकियाग्विकचा वेगळा, काक्टोविकला तर देवमासे मिळतात ते शरद ऋतूतच. एकाचा उरलेला घाव दुसऱ्याच्या पदरात पडतो. मला यात मांसाच्या वाट्यांचीच रीत दिसते: ज्याला लागलं त्याचं सगळं नव्हे, आणि ज्याला लागलं नाही तो उपाशी नव्हे. 1981 पासून केंद्र सरकारशी करार करून शिकारीवरची देखरेखही कमिशनकडेच आली. नियम मोडणाऱ्या कप्तानाला दंड करायचा आणि काही काळ शिकारीतून बाहेर ठेवायचा अधिकार त्याच्याकडे आहे.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र नाही. सुरुवातीच्या वर्षांत कोटा मानायचा की नाही यावर गावागावांत कडाक्याची भांडणं झाली. परक्यांनी आमच्या ताटातले घास मोजायचे, हा राग खरा होता आणि त्याला आधीची पार्श्वभूमीही होती. 1961 साली याच उटकियाग्विकमध्ये वन्यजीव खात्याच्या माणसांनी बंदीच्या काळात बदक मारल्याबद्दल शिकाऱ्यांना पकडलं होतं. 1916 च्या करारानं ठरवलेला बंदीचा काळ नेमका तोच होता, जेव्हा ती बदकं उत्तरेत असतात. खुला हंगाम सुरू होईपर्यंत पक्षी दक्षिणेला निघालेले असत. तेव्हा 138 गावकरी एकेक बदक हातात घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले: आम्हालाही पकडा. अधिकाऱ्यांची पंचाईत झाली आणि प्रकरण गुंडाळलं गेलं. वसंतातल्या त्या शिकारीला कायदेशीर जागा मिळायला मात्र 2003 उजाडलं.

बर्फाखालून जाणारे

शिकाऱ्यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं: तुमची गणतीच चुकतेय. शास्त्रज्ञ धरून चालले होते की देवमासे किनाऱ्याजवळच्या मोकळ्या पाण्यातूनच जातात आणि ती वाट बर्फानं मिटली की थांबतात. म्हणून वाट उघडी असताना जेवढे दिसले तेवढेच मोजले जात. शिकारी सांगत होते की देवमासे थांबत नाहीत. ते दूरवर पसरलेल्या बर्फाखालून जातात, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतात, कधी बर्फाला फक्त फुगवटा आणून त्यातल्या चिरेतून घेतात. चिरेतून निघणारा तो श्वास शेजारी उभं राहिलेल्यालाच ऐकू येतो, विमानातून दिसत नाही.

नॉर्थ स्लोप बरोच्या नोकरीत असलेले पशुवैद्य टॉम अल्बर्ट यांनी हे म्हणणं गंभीरपणे घेतलं. हॅरी ब्राउअर हे जुने कप्तान त्यांचे मुख्य गुरू. अल्बर्ट यांच्या कामातली हुशारी अशी की ‘स्थानिकांचं ज्ञान’ म्हणून त्याचा नुसता गौरव करून ते थांबले नाहीत. प्रत्येक विधान तपासता येईल अशा प्रश्नात बदललं. बर्फाखालून जातात ना, मग आवाज यायला हवा. बर्फाच्या कडेवरून पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारे मायक्रोफोन) सोडले गेले. देवमासे जाताना आवाज करतात, आणि तीन-चार हायड्रोफोनवर तो किती फरकानं पोचला त्यावरून प्राणी कुठे आहे हे काढता येतं. डोळ्यांची गणती आणि कानांची गणती एकत्र मांडल्यावर दिसलं की वाट मिटलेली असतानाही देवमासे चाललेलेच होते, आणि नजरेच्या टप्प्यापलीकडूनही जात होते.

अंदाज चढत गेला. 1978 च्या गणतीतून सुमारे 2,300 आले होते. 1980 चं दशक संपता संपता आकडा सात हजारांवर गेला, 2001 मध्ये दहा हजारांच्या पुढे, 2011 मध्ये 17 हजारांच्या जवळ. यातली काही वाढ खरी आहे, कळप खरोखर सावरत होता. पण पहिली मोठी उडी ही मोजण्याच्या पद्धतीची होती. म्हणजे 1977 चा निर्णय चुकीच्या आकड्यावर घेतला गेला होता.

शिकाऱ्यांचा दुसरा मुद्दा देवमाशांच्या वयाचा. हे प्राणी दोन माणसांच्या आयुष्याएवढं जगतात असं म्हातारे सांगत. कापणीत कधी चरबीत रुतलेली दगडी टोकं निघत, जी वापरणं बंद होऊन शतक लोटलं होतं. 1999 मध्ये डोळ्याच्या भिंगाच्या रासायनिक तपासणीतून काही प्राण्यांचं वय शंभरावर आणि एकाचं दोनशेच्या घरात निघालं. 2007 मध्ये एका देवमाशात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनवलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला.

शिकारीचं हत्यारही बदललं. जुन्या काळ्या दारूच्या बॉम्बऐवजी पेंथ्राइट या जास्त जोरदार स्फोटकाचा गोळा आला. निसटणाऱ्यांचं प्रमाण खाली आलं आणि घावांपैकी साधारण तीन-चतुर्थांश देवमासे किनाऱ्याला लागू लागले.

आजचा हिशेब, आणि त्यात न बसणारे

कोटा आता काही वर्षांचा एकदम ठरतो. 2018 मध्ये ब्राझीलमधल्या फ्लोरियानोपोलिस इथं 2019 ते 2025 या सात वर्षांसाठी किनाऱ्याला लागणारे 392 देवमासे ठरले, वर्षाला जास्तीत जास्त 67 घाव, आणि यातला एक छोटा वाटा रशियातल्या चुकोत्काच्या लोकांचा. त्याआधी 2002 मध्ये शिमोनोसेकीच्या बैठकीत हा कोटा फेटाळलाही गेला होता. कारण बोहेडशी संबंधित नव्हतं. जपानच्या किनारी शिकारीच्या मागणीशी त्याची गाठ मारली गेली होती. पाच महिन्यांनी खास बैठकीत तो परत मिळाला. कळप वाढत असताना, नियम पाळले जात असताना, हजारो मैलांवरच्या एका सौद्यात हिवाळ्याचं मांस अडकू शकतं, हे गावांना तेव्हा पुन्हा कळलं. परिस्थिती फारशी न बदलल्यास कोटा आपोआप पुढे चालू राहील अशी तरतूद 2018 मध्ये झाली, ती याच अनुभवामुळे हवी होती.

कोट्याला दोन पाय आहेत: कळपाला किती झेपेल, आणि लोकांची गरज किती. पहिल्याचं उत्तर हायड्रोफोननं दिलं. गरजेचा हिशेब असा मांडला गेला की जुन्या दशकांत, साधारण 1910 ते 1969 मध्ये, माणशी किती देवमासे मिळत होते ते काढायचं आणि आजच्या गावांतल्या मूळ रहिवाशांच्या संख्येनं गुणायचं. आयोगापुढे टिकेल असा हिशेब हवा होता, आणि हा टिकला. पण वाटे गावाच्या वेशीवर थांबत नाहीत. अँकरेज आणि फेअरबँक्समध्ये नोकरीला, शिक्षणाला, दवाखान्याला गेलेल्या इन्युपियाट (उत्तर अलास्कातल्या इन्युइट) माणसांना गावाकडून विमानानं मक्ताकची खोकी जातात, आणि नालुकाताकला तीच माणसं पिशव्या घेऊन परत येतात. गरजेच्या तक्त्यात त्यांचं नाव नाही. त्यांचा घास गावकऱ्यांच्या वाट्यातून निघतो, आणि उमिआलिकच्या बायकोनं खोकी भरताना तो धरलेला असतो.